लोहाराचा हात आधी शिक, कारणं नंतर शोध

बाळा,

तुझा मेसेज वाचला. चाकू बनवायला शिकायचंय, व्हिडिओ भरपूर बघून झालेत, बेल्ट ग्राइंडर घ्यायचं मनात आहे आणि आता कुणीतरी जाणतं माणूस हवंय. ग्राइंडरचे पैसे तूर्तास राहू देत बाजूला. जाणतं माणूस तुझ्या तालुक्याच्या बाजारातच मिळेल, घिसाड्यांचं पाल दिसेल, नाहीतर गावात एखादी लोहाराची भट्टी अजून चालू असेल. तिथे विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी बनतात. तुझ्या डोक्यातला तो लाटालाटांच्या नक्षीचा डमास्कस शेफ नाइफ तिथे कुणी बनवत नाही हे मला माहितीये, तरी तिथेच जा.

कोयत्याला पाणी देताना बघायचं म्हणून जा. बहुतेक वेळा ट्रकच्या कमानीचा पाटा कापून घेतलेला असतो. आकार ठोकून झाला की पातं परत भट्टीत जातं आणि इथून पुढे मामा, म्हणजे लोहार, बोलायचे बंद होतात. अख्खं पातं ते लाल करत बसत नाहीत, मुख्य ताप धारेच्या बाजूला. पालावर गोणपाट ताणलेलं असतं ते फक्त ऊन लागू नये म्हणून नाही, उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, सावलीत कळतो. मग नुसती धार पाण्यात, बोटभर, आणि हात पुढेमागे हलता ठेवायचा, कारण पातं एका जागी धरलं तर पाण्याच्या रेघेवरच तडा जायची भीती असते. पाठ अजून चांगली तापलेली असताना बाहेर काढतात, विटेच्या तुकड्याने धारेवर घासून एक पट्टी उजळ करतात आणि गप्प बघत राहतात. पाठीतली उष्णता धारेकडे सरकायला लागते, उजळ पट्टीवर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तो गडद होतो, तपकिरीकडे झुकतो, आणि त्याच्या मागून जांभळा येत असतो. हवा तो रंग धारेवर पोचला की सगळं पातं पाण्यात. हा सगळा खेळ फार तर मिनिटभराचा, तेवढ्यात तू मोबाइल काढत बसलीस तर गेलं.

पुस्तकात ह्यालाच हार्डनिंग (तापलेली धार बुडवून कडक करणं) आणि टेम्परिंग (मग हलका ताप देऊन तिचा ठिसूळपणा घालवणं) म्हणतात. फिकट पिवळा म्हणजे साधारण 205 ते 230 अंश सेल्सिअस, निळा म्हणजे 300 च्या आसपास. आपल्याकडची शिकलेली मंडळी बिनधास्त बोलतात की गावठी लोहार टेम्परिंग करतच नाहीत, त्यांच्याकडे ओव्हन कुठेय. अरे करतात की, पाठीचाच ओव्हन केलाय त्यांनी!

आणि हे काही फक्त कोयत्यापुरतं नाहीये. अमेरिकेत बिल मोरन ह्या चाकू घडवणाऱ्याच्या पुढाकाराने 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संघटना निघाली, तिथे जर्नीमन ही पहिली पदवी मिळवायची तर स्वतः घडवलेल्या चाकूची परीक्षा द्यावी लागते. लोंबता एक इंची दोर एका फटक्यात तोडायचा, टू-बाय-फोरचं लाकूड (बांधकामातली जाड लाकडी पट्टी) दोनदा आरपार तोडायचं, एवढं करून त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून 90 अंशात वाकवायचं, मोडता कामा नये. सगळं पातं सारखंच कडक असेल तर काडकन मोडणार, सारखंच मऊ असेल तर केस निघणार नाहीत. म्हणजे धार कडक आणि पाठ चिवट पाहिजे, जे मामा बादलीभर पाण्यात रोज करतात. म्हणून म्हणतोय तिथे जा.

आता महत्त्वाचं. त्यांचा हात जेवढा पक्का असतो तेवढी त्यांनी सांगितलेली कारणं पक्की असतीलच असं नाही. कुणी सांगेल अमुक विहिरीचंच पाणी पोलादाला मानवतं. तू इंजिनिअरिंगवाली, लगेच हसू नकोस. तापलेलं लोखंड पाण्यात गेलं की त्याच्याभोवती वाफेचं कवच धरतं, पाण्यात क्षार असतील तर ते कवच लवकर फुटतं आणि लोखंड जास्त वेगाने गार होतं, तेव्हा एखाद्या विहिरीच्या मचूळ पाण्याने खरंच फरक पडत असू शकतो. दुसरं, शेवटी शेवटी मंद लाल धारेवर हलके ठोके मारून ती ‘दाबून’ घेतात, म्हणतात त्याने कण घट्ट बसतात. ठोकून लोखंड असं दाट होत नाही. अमेरिकेतले जुने लोहारही अगदी हेच सांगायचे, त्यामुळे ही काही आपल्याकडचीच भाबडी समजूत नाही. पण फायदा होतो, कारण शेवटच्या तापांना ते दर वेळी थोडं कमीच तापवतात आणि त्याने आधीच्या जास्त तापात वाढलेला आतला दाणा (लोखंडाचे बारीक स्फटिक) परत बारीक होतो. म्हणजे कृती बरोबर, कारण चुकीचं. तू कृती जशीच्या तशी उचल, कारण घरी येऊन शोध, आणि भट्टीवर उभं राहून त्यांना धातुशास्त्र शिकवायला जाऊ नकोस. दोन दिवसांत तुला चहा पाजून वाटेला लावतील.

भट्टीवर जाताना वेळ बघून जा. पेरणीच्या तोंडावर आणि ऊसतोडीचा सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा लांबून बघ, प्रश्न नकोत. एरवी गेलीस की आधी काहीतरी विकत घे, घासाघीस न करता. दिवसभर शिकवायचे पैसे विचार आणि दे, कोळसा तुझ्यासाठी जळत असेल तर त्याचे वेगळे दे. सगळ्यांना मामा, दादा, मावशी म्हण, नावाने हाक नको. आणि मावशींकडे नीट बघ, घिसाड्यांच्या पालावर घण बऱ्याचदा बाईच्याच हातात असतो, मामा सांडशीने पातं धरून छोट्या हातोड्याने जागा दाखवतात आणि घण बरोबर तिथेच पडतो. तुला सुरुवातीला भाता नाहीतर ब्लोअर फिरवायला देतील, कंटाळा येईल, पण निखारे कधी किती फुलवायचे हे तिथेच कळतं आणि पात्याचा जास्त तापून नाश होतो तो बहुतेक इथेच.

चाकू मात्र एकाच गुरूकडून पूर्ण शिकता येत नाही असं माझं मत आहे. जपानात साकाईला घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, पिढ्यान्‌पिढ्या. तूही धार शिकायला दुसरीकडे जा. सायकलचं चाक फिरवत गल्लीत येणारा धारवाला, रापी स्वतः लावणारा चांभार, आणि मटणवाला, जो दिवसभरात कितीदा तरी सुरी निसण्यावर ओढतो. धार नेमकी कुठे बसते, कुठे उडते हे वापरणाऱ्याला बनवणाऱ्याइतकंच कळतं, बऱ्याचदा जास्तच.

घरी पहिला चाकू करशील तेव्हा भंगारातला पाटा घेऊ नकोस. मामांना हाताने कळतं कुठला पाटा चांगला, त्यांना ग्राइंडरवर टेकवून ठिणग्यांवरूनही कळतं, कार्बन जास्त असेल तर ठिणगी फुलबाजीगत फुटते आणि साध्या लोखंडाची लांब सरळ जाते. तुला अजून कळणार नाही, आणि जुन्या पाट्यात न दिसणारे तडे असतात ते वेगळंच. स्टीलवाल्याकडून ईएन-9 किंवा ईएन-45 ह्या नंबरच्या पोलादाची नवी पट्टी आण. बांधकामाच्या सळईचा चाकू तर बनवूच नको, तिच्यात कार्बन एवढा कमी की कितीही पाणी दे, धार टिकायची नाही. आकार कानशीने काढ, ग्राइंडरने नाही, कानशीवर चूक हळूहळू होते आणि वेळेत दिसते.

मग दाणा बारीक व्हावा म्हणून तापवून हवेत गार होऊ देणं, असं तीनदा. त्यानंतर पाणी द्यायची वेळ, पण ह्या पट्टीला तू पाणी नको, तेल वापर, साधं गोडं तेल 50-60 अंशांपर्यंत गरम केलेलं. 770 अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर, लाल रंगाची अजून एक छटा, की टोक खाली करून सरळ तेलात. गार झालं की धारेवर कानस फिरवून बघ, घसरली पाहिजे, चावली तर परत तापव. घसरली तर वेळ न घालवता ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, आणि पुन्हा दोन तास. पट्टीचा एक जास्तीचा तुकडा असाच तापवून तेलात बुडव आणि टेम्पर न करता व्हाइसमध्ये मोडून बघ (गॉगल लावून), आत मऊ राखाडी मखमल दिसली तर बरोबर आणि साखरेसारखा रवा चमकला तर जास्त तापवलंयस.

तेलाच्या डब्याला लोखंडी झाकण जवळ ठेव, पेट घेतं. ग्राइंडर लावशील तेव्हा मास्क आणि गॉगल दोन्ही, ओढणी नाही, केस बांधलेले. गॅल्व्हनाइज्ड काहीही भट्टीत टाकायचं नाही, जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि काळं दिसतंय म्हणजे गार झालंय असं नसतं, भट्टीवरचे बहुतेक चटके लाल नाही तर काळ्या लोखंडाचेच असतात.

अजून एक, घरचे विचारतील म्हणून. आर्म्स ॲक्टच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलीयत. तेव्हा पहिली दोनेक वर्षं स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि विळेच कर, खंजीर-बिंजीर नको. आणि पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचल्यास ना, तेव्हा भट्टीवर कोयता हातात धरून रील टाकायचं नाही, मामांना नसता ताप होईल.

मुठीचं लाकूड आणि रिव्हेट ह्यावर वेगळं लिहीन, त्याची आत्ता घाई नाही. येत्या बाजाराला जाऊन ये, कुणाच्या पालावर बसायला मिळालं ते कळव.

तुझा
काका