मनाची गोळी आणि टॅमॉक्सिफेन : कोणती बंद करू?

प्रश्न : सादर नमस्कार. माझे वय ४४ वर्षे असून आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरला माझ्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किमो झाले, आणि गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी) असल्यामुळे गेले चौदा महिने मी टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. त्याआधीपासून, म्हणजे चार वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर अकाली गेले तेव्हापासून, यवतमाळच्या मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली पॅरॉक्सेटीनची गोळीही सुरू आहे. तिच्यामुळेच मी पुन्हा शेतात जाऊ लागले आणि झोपू लागले. मात्र ही गोळी मी नागपूरच्या डॉक्टरांना कधी सांगितली नाही, कारण तपासणीला मोठे दीर सोबत येतात आणि घरात माझ्या यजमानांखेरीज हे कोणाला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात मेडिकलच्या दुकानदाराने दोन्ही चिठ्ठ्या एकदम पाहिल्या आणि या दोन गोळ्या एकमेकींसोबत चालत नाहीत असे सांगितले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दोघींपैकी कोणती बंद करू? चौदा महिने वाया गेले का? अंगातून वाफा निघतात आणि रात्री घामाने उशी भिजते, तेही याचमुळे आहे का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचेपर्यंत आपण दोन्हींपैकी एकही गोळी बंद केली नसेल तर तशीच चालू ठेवावी. पॅरॉक्सेटीन स्वतःहून थांबवली असेल तर आजच मनोविकारतज्ज्ञांना फोन करावा, आणि टॅमॉक्सिफेन थांबवली असेल तर ती आजपासून पुन्हा घ्यावी व नागपूरला तसे कळवावे. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की टॅमॉक्सिफेन चालू राहील आणि मनाचे औषधही चालू राहील. फक्त मनाचे औषध बदलावे लागेल, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बदलावे लागेल.

दुकानदाराने जे सांगितले ते खरे आहे, परंतु अर्धे आहे. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर बरेचसे काम स्वतः करत नाही. आपल्याकडचा कापूस जसा जिनिंगमध्ये जाऊन सरकी वेगळी झाल्यावर रुई म्हणून उपयोगी पडतो, तसे यकृतातील एक विकर (एन्झाइम) टॅमॉक्सिफेनचे एन्डॉक्सिफेन नावाच्या पदार्थात रूपांतर करते, आणि कर्करोगाच्या पेशींवरील इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची जागा अडवण्यात हा पदार्थ मूळ गोळीपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ असतो. या विकराचे नाव सीवायपी-२डी६ असे आहे. पॅरॉक्सेटीन नेमके याच विकराला अडवते. जिनिंग पूर्ण बंद पडत नाही, कारण काही काम इतर वाटांनीही होते आणि मूळ टॅमॉक्सिफेनचाही थोडा परिणाम असतोच, परंतु रक्तातील एन्डॉक्सिफेनचे प्रमाण स्पष्टपणे खाली येते. मनाच्या औषधांपैकी फ्लुओक्सेटीनही असाच प्रबळ अडथळा आणते, आणि बुप्रोपिऑनही, जे तंबाखू सोडवण्यासाठीसुद्धा दिले जाते.

आता प्रमाण कमी झाले म्हणून रोग उलटतो का, या प्रश्नावर संशोधकांचे एकमत झालेले नाही, आणि हे मी आपल्यापासून लपवू इच्छीत नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात टॅमॉक्सिफेनसोबत मनाचे औषध घेणाऱ्या २,४३० वयस्कर स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की दोन्ही गोळ्या जितका अधिक काळ सोबत घेतल्या गेल्या, तितका पॅरॉक्सेटीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका वाढला. इतर औषधांबाबत तसे आढळले नाही. पुढे २०१६ साली कॅलिफोर्नियातील सुमारे १७,००० स्त्रियांच्या नोंदींच्या अभ्यासात मात्र पॅरॉक्सेटीनमुळे रोग परतण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. त्यामुळे आपले चौदा महिने वाया गेले असे कोणीही म्हणू शकत नाही, आणि तसे मनात आणून स्वतःला दोष देण्याचे काहीही कारण नाही. तरीही मी बदलाचाच सल्ला देतो, कारण मनासाठी तितकीच उपयोगी आणि या विकराला फारसा हात न लावणारी औषधे सहज मिळत असताना शंकेची जागा शिल्लक का ठेवावी? टॅमॉक्सिफेन पाच वर्षे नियमित घेतल्याने हार्मोन पॉझिटिव्ह कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात, आणि त्याचा लाभ गोळी संपल्यानंतरही अनेक वर्षे टिकतो. इतके मोलाचे औषध आपल्याला पूर्णपणे मिळायला हवे.

बदलीसाठी डॉक्टर बहुधा व्हेन्लाफॅक्सीन, डेस्व्हेन्लाफॅक्सीन किंवा एसिटालोप्राम यांचा विचार करतील. आपल्याला अंगातून ज्या वाफा निघतात त्या बहुधा टॅमॉक्सिफेनमुळे आहेत, आणि नवतपा सरला तरी त्या थांबणार नाहीत, कारण त्यांचा उन्हाशी संबंध नाही. व्हेन्लाफॅक्सीनने मनाबरोबरच या वाफाही कमी होतात, म्हणून आपल्या बाबतीत ते अधिक सोयीचे ठरू शकेल. मात्र ते घेताना रक्तदाब तपासत राहावा लागतो, आणि गोळी एक दिवस जरी चुकली तरी चक्कर व अस्वस्थता येऊ शकते, त्यामुळे नागपूरला जाताना गोळ्या पिशवीत असल्याची खात्री करावी लागते. एसिटालोप्राम निवडले तर आधी ईसीजी काढून घेणे चांगले. सर्ट्रालीन कमी मात्रेत चालते, मात्रा वाढली की तेही या विकराला अडवू लागते. वाफांसाठी कोणी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या तर त्या मात्र घेऊ नयेत.

पॅरॉक्सेटीन एकदम सोडू नये असे मी आग्रहाने का म्हणतो, तेही सांगतो. या गटातील औषधांमध्ये ती सोडताना होणारा त्रास विशेष असतो. चक्कर, मळमळ, चिडचिड, भयंकर स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना असे सर्व होऊ शकते, आणि ते पाहून रोगीही घाबरतो व घरचेही. त्याहून मोठी भीती अशी की ज्या दुःखातून आपण चार वर्षांपूर्वी बाहेर आलात, ते पुन्हा उसळू शकते. म्हणून तज्ज्ञ एक मात्रा उतरवत दुसरी चढवत काही आठवड्यांत हा बदल करतात. नव्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात यजमानांनी आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे. जीव नकोसा वाटू लागला तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत विनामूल्य बोलता येते.

आपल्या पाकिटावरील बारीक अक्षरे एकदा यजमानांकडून वाचून घ्यावीत. आपल्याकडे पॅरॉक्सेटीन पुष्कळदा क्लोनाझेपाम या झोपेच्या औषधासोबत एकाच गोळीत मिळते, आणि तसे असेल तर तेही अचानक थांबवता येत नाही. दुकानदार गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) कापून चार-सहा गोळ्या देतो तेव्हा नाव असलेला भाग दुकानातच राहतो, म्हणून पूर्ण पत्ता मागून घ्यावा. आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे : पावसाळ्यात गजकर्ण झाले की टर्बिनाफीनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि त्याही याच विकराला जोराने अडवतात. अंगावर लावायचे मलम चालते. गोळी घेण्याआधी टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे सांगावे.

आता त्या न सांगितलेल्या गोष्टीविषयी. आपण नागपूरच्या डॉक्टरांपासून गोळी लपवली याचा मला राग येत नाही, वाईट वाटते. आमच्या भागात बाई रक्तदाबाची गोळी सर्वांसमोर घेते आणि मनाची गोळी तांदळाच्या डब्यात ठेवते, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. परंतु दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या कधीच एका टेबलावर आल्या नाहीत, आणि त्यामुळे जे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत सुटले असते ते चौदा महिने तसेच राहिले. तपासणीच्या वेळी दिरांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे, अशी विनंती आपण परिचारिकेला करू शकता. स्त्रियांच्या तपासणीत ही विनंती कोणालाही खटकत नाही. तेही अवघड वाटले तर एका कागदावर एवढेच लिहून फाइलमध्ये ठेवावे : “मी चार वर्षांपासून पॅरॉक्सेटीन घेते. टॅमॉक्सिफेनसोबत चालेल असे औषध मनोविकारतज्ज्ञ बदलून देत आहेत.” नागपूरची पुढची तारीख दूर असेल तर तोवर थांबू नये. औषध बदलणे हे मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे, म्हणून आधी यवतमाळलाच जावे; आपले डॉक्टर उपलब्ध नसतील तर तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात जाता येईल. दोन्ही फाइली सोबत न्याव्यात.

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची असून आम्ही वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो. ती स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोल घेते आणि मन खचल्यामुळे सहा महिन्यांपासून एसिटालोप्रामही घेते. कर्करोगाच्या गोळीसोबत मनाची गोळी विषासारखी असते असे कोणी तरी सांगितल्यापासून ती दोन्ही गोळ्या घेण्यास नकार देत आहे. सांधेही फार दुखतात. काय करावे?

उत्तर : आईंना निःशंकपणे दोन्ही गोळ्या द्याव्यात. वरच्या उत्तरातील अडचण टॅमॉक्सिफेनची आहे, आणि एसिटालोप्राम तर त्याच्यासोबतही चालते. लेट्रोझोलचे काम निराळे आहे. पाळी गेल्यानंतर शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन तयार होते तेच ते रोखते, आणि त्यासाठी त्याला त्या विकराने रूपांतर करून द्यावे लागत नाही. याच गटातील अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन यांनाही हेच लागू आहे.

सांधेदुखी लेट्रोझोलमुळे असण्याची शक्यता मोठी आहे. रोज थोडे चालण्याने ती कमी होते, आणि फारच त्रास असेल तर एसिटालोप्रामच्या जागी ड्युलोक्सेटीन देता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, कारण ते मनालाही आणि या दुखण्यालाही उपयोगी पडते. पुढे कधी लेट्रोझोल बदलून टॅमॉक्सिफेन सुरू झाले तर मात्र ड्युलोक्सेटीनचा फेरविचार करावा लागेल, तेव्हा आठवणीने सांगावे. लेट्रोझोलने हाडे विरळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. आईंचे वय पाहता आणखी एक सूचना : एसिटालोप्रामने काही वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरते. त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, खूप सुस्तावल्या किंवा तोल जाऊ लागला, तर ऊन लागले असेल असे समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सोडियम तपासून घ्यावे.