फी माफ आहे म्हणतात, पण मेसचं काय?

गेल्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी कुठल्या कॉलेजात अॅडमिशन घ्यायची ते विचारायला वडलांना घेऊन माझ्याकडे आली. बारावी सायन्स, ८१ टक्के, फिजिक्स घेऊन बीएस्सी करायची होती. माण तालुक्यातलं गाव, वडील शिवणकाम करतात (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वडील खुर्चीच्या कडेला बसलेले आणि पहिलंच वाक्य, "ताई, दोन्ही कॉलेजवाले म्हणतात पोरीला स्कॉलरशिप मिळंल, मग आम्ही टाकायचं कुठं?"

हा प्रश्न दर जूनला येतो. माझं सरळ म्हणणं आहे, मदत किती मिळणार ते नंतर, आधी ती हातात कधी पडणार ते विचारा.

त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी घट्ट बसल्या होत्या. एक म्हणजे मुलींना आता सगळंच शिक्षण फुकट. अहो, २०२४ ला शासनाने जी शंभर टक्के फीमाफी आणली ती इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सेससाठी, तीही ठराविक प्रवर्गांना आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, साधी बीएस्सी त्यात बसत नाही. दुसरं इन्स्पायर, म्हणजे सायन्स शिकणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची स्कॉलरशिप. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टचे, पण त्यासाठी बोर्डात वरच्या १ टक्क्यात यावं लागतं किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षेत तसाच वरचा नंबर हवा. वडलांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं, पण या दोन्हींवर भरवसा ठेवून अॅडमिशन घेतली असती तर दिवाळीत पोरगी घरी परत आली असती.

मग मुलीला म्हटलं वहीचं मागचं पान काढ, जून ते मे बारा महिने लिही आणि प्रत्येक महिन्यापुढे किती पैसे जाणार ते मांड. पुण्यातल्या कॉलेजची फी सवलत मोठी, पण आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे, म्हणजे राज्य शासनाच्या स्कॉलरशिप पोर्टलवरून मिळणारे पैसे आले की परत घ्या. आता हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात खरे, पण माझ्याकडच्या कितीतरी मुलांचे वर्ष संपत आल्यावर आलेत. तोवर रूमचं भाडं, मेस, अॅप्रन, जर्नल, एसटीचा पास हे सगळं रोख. दुसरं कॉलेज जिल्ह्याच्या गावातलं, सवलत कमी पण मुळात फीच कमी, हप्ते करून देणारं, हॉस्टेल आवारात आणि कमवा व शिका, म्हणजे कॉलेजातच काम करून पैसे मिळवायची योजना, चालू. पुण्याच्या रकान्यात ऑगस्टपुढे तिने आकडा लिहिला, खोडला, परत तोच लिहिला आणि गप्प बसली.

तरी मी या दुसऱ्या कॉलेजला लगेच हो म्हटलं नाही. कारण सायन्सच्या पोरांची अडचण वेगळी असते, प्रॅक्टिकल चार-पाचपर्यंत चालतात, मग काम करायचं कधी? कमवा व शिकाचं काम दुपारी असेल तर ते आर्ट्सच्या मुलांना जमतं, हिला नाही. म्हणून तिला त्या कॉलेजात पाठवलं, म्हटलं ऑफिसात नको जाऊ, लॅबबाहेर उभी राहा आणि सेकंड इयरच्या मुलींना विचार की काम कुठल्या वेळेला देतात, पैसे दर महिन्याला मिळतात का, आणि अडचण आली की नेमकं कुणाकडे जाता. एक सरच आहेत, ते लायब्ररीत सकाळी लवकरचं काम लावून देतात, पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात, असं तिला तिघींनी सांगितलं. माझ्या दृष्टीने ब्रोशरच्या दहा पानांपेक्षा हे मोठं. अडचणीला माणूस आहे का, हे मी नेहमी बघते.

तिने तिथेच अॅडमिशन घेतलं. वडलांना पुण्याचं नाव सोडायला जड गेलं, ते मी समजू शकते, पाहुण्यांत सांगायला तेवढंच बरं वाटतं.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे असं ती म्हणाली आणि मी तपासायला लावलं नाही. खरं तर आधार एका जुन्याच खात्याला जोडलेलं निघालं, त्यात दोन महिने गेले. आता मी फॉर्म भरायच्या आधी बँकेत पाठवते, आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढायला सांगते.

ती आता सेकंड इयरला आहे. यंदाची स्कॉलरशिप अजून आली नाही, मेस लायब्ररीच्या पैशावर चाललीय, आणि परवा फोनवर विचारत होती, "ताई, एमएस्सीला असं काही असतं का?" पुढच्या रविवारी वही घेऊन येणारे.