हात धरला की दिवा

प्रश्न : माझी नात आठवीत आहे. गणपतीच्या आराशीत, मूर्तीपुढे हात धरला की दिवा लागेल असं काहीतरी स्वतः करायचं म्हणते. आर्डुइनोचं किट आणू, की आधी इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास लावू? मला यातलं ओ की ठो कळत नाही.
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, सध्या दोन्ही नको. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, चांगलाच आहे, पण कुठूनतरी उतरवलेला प्रोग्राम चालला की दिवा का लागला हे कुणी विचारत नाही. आणि क्लासचं म्हणाल, तर कलाभवन, बडोद्याची जुनी तंत्रशिक्षणाची संस्था, तुमच्या जवळच. 1890 पासून तिथे हाताला काम देऊनच शिकवत आले.

ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडायची भोकांची पाटी), 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग), बीसी 547 ट्रान्झिस्टर (तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच), 100 किलोओहमचा प्रीसेट (फिरवून रोध कमी-जास्त करता येतो तो), 470 ओहम आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर एवढं आणा. व्होल्ट मोजायला मल्टीमीटर घ्याच, स्वस्तातला चालेल.

प्लसपासून 1 किलोओहम, पुढे प्रीसेट, मग ट्रान्झिस्टरचा बेस हा पाय. बेसपासून मायनसला एलडीआर, एमिटरही मायनसला. एलईडीचा लांब पाय 470 ओहममधून प्लसला, आखूड पाय कलेक्टरला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तो 1 किलोओहम गाळू देऊ नका; प्रीसेट टोकाला गेला तर बेसवर थेट बॅटरी येते आणि ट्रान्झिस्टर जळतो.

आता खरी गंमत. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बेस आणि मायनस यांच्यात लावायला सांगा. प्रीसेट असा लावा की उजेडात दिवा जेमतेम विझलेला राहील. एलडीआरवर हात धरला की त्याचा रोध वाढतो, बेसचा आकडा चढतो आणि 0.6च्या पुढे सरकला की एलईडी उजळते. एलडीआर अगदी झाकून टाकला तरी आकडा 0.7च्या आसपासच अडतो. बॅटरी 9 व्होल्टची, मग बाकीचे व्होल्ट कुठे गेले? उत्तर तुम्ही सांगू नका. तिला प्रीसेटच्या दोन टोकांवर मीटर लावू द्या.

एलईडीचा उजेड एलडीआरवर पडला तर दिवा अर्धवट मिणमिणतो. एलडीआरभोवती काळ्या कागदाची नळी बसवा. प्रीसेटही आराशीतले दिवे लावून, जागेवरच पुन्हा जुळवावा लागेल.

घरातलं 230 व्होल्टचं तोरण याच ट्रान्झिस्टरला जोडायचं तिला सुचेलच. ते अजिबात नाही.