आंबा आपला राज्यवृक्ष आणि शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, राज्यप्राणी, या दोघांची तुलना केली तर जंगल तुटल्याचा फटका जास्त कुणाला बसतो?

तुम्ही लिहिलंय की झाड जागचं हलू शकत नाही आणि शेकरू उड्या मारत दुसरीकडे जाईल, म्हणून नुकसान झाडाचंच जास्त. मला नेमकं उलटं वाटतं.

आंबा एकटा जगतो हो. बांधावर, देवळामागे, एसटी स्टँडच्या बाजूला एकच जुना रायवळ आंबा असतो, आजूबाजूला एक झाड नसलं तरी थंडीत मोहरतो आणि उन्हाळ्यात कैऱ्यांनी लगडतो. माणसाने नेला तिथे रुजला, पार ब्राझील आणि फ्लोरिडापर्यंत. शेकरू मात्र भारताबाहेरच्या कुठल्याच जंगलात नाही, आणि आपल्याकडेही भीमाशंकर, फणसाड, राधानगरी, मेळघाट अशा दाट झाडीतच.

कारण ते जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं शेंड्यावर, आणि एका उडीत वीसेक फूट जातं पण समोर फांदी पाहिजे ना! भीमाशंकरला ते खाताना नीट बघा, मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून उलटं लटकतं, पुढच्या पंजांत फळ गोल फिरवत कुरतडतं आणि धडापेक्षा लांब असलेली ती झुपकेदार शेपटी दुसऱ्या बाजूला सोडून तोल सांभाळतं. घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोळा, तो उंचावरच्या बारीक फांद्यांत बांधतं, आणि एकच शेकरू अशी बरीच घरटी करतं. त्यासाठी झाडही असं निवडतं की ज्याच्या फांद्या शेजारच्या झाडांना भिडलेल्या आहेत, म्हणजे गरुड आला की कुठल्याही बाजूने सटकता येतं.

म्हणजे जंगलात अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या गर्दीत उभा असलेला आंबा शेकरूचं घर आणि खाणं दोन्ही होतो, तोच आंबा माळावर एकटा असला की त्याच्या काही कामाचा नाही.

भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये झालं ते मुख्यतः शेकरूसाठीच. म्हणून घाटातला रस्ता रुंद करताना फक्त किती झाडं तोडली आणि बदल्यात दुसरीकडे किती रोपं लावली एवढं मोजून भागत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या वर अजून भिडतात का हे आधी विचारायला हवं.