जनरेटिव्ह एआय शिकल्याने प्रोजेक्ट मॅनेजरची किंमत खरंच वाढते का?

तुम्ही विचारलंय : "आयटीत अकरा वर्षं झाली, त्यातली पाच प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. ऑफिसात सगळे एआयचे कोर्स करतायत. मीही केला तर बाजारात किंमत वाढेल, की हे कामच आता संपत चाललंय?"

मी पुण्यात, हिंजवडीत, हेच काम करतो. आमचा क्लायंट परदेशातला, विमा क्षेत्रातला. गेल्या दोन वर्षांत आमच्या टीममध्ये जे बदलताना पाहिलं त्यावरून सांगतो. किंमत वाढते, पण कोर्सच्या सर्टिफिकेटने नाही. आपल्या कामाचा एक मोठा भाग जनरेटिव्ह एआयमुळे, म्हणजे सांगितल्यावर मजकूर लिहून देणाऱ्या चॅटजीपीटीसारख्या टूल्समुळे, स्वस्त झालाय आणि दुसरा महाग. तुमचा दिवस त्यातल्या कुठल्या भागात जातो, त्यावर सगळं अवलंबून आहे.

स्वस्त झालेला भाग म्हणजे कागदपत्रं. शुक्रवारचा वीकली स्टेटस रिपोर्ट घ्या. चार लीडकडून, म्हणजे टीममधल्या गटप्रमुखांकडून, चार तऱ्हेच्या एक्सेल यायच्या. त्या जुळवायच्या, लाल-पिवळे-हिरवे रंग लावायचे, क्लायंटला रुचेल अशा इंग्रजीत लिहायचं. यात माझी अख्खी दुपार जायची. आता कंपनीने दिलेल्या टूलमध्ये मसुदा काही मिनिटांत होतो आणि तपासायला अर्धा तास पुरतो. मिनिट्स (मीटिंगचा वृत्तांत), रिस्क लॉग (धोक्यांची नोंद), वरिष्ठांच्या स्टीअरिंग कमिटीच्या स्लाइड्स यांचंही तेच.

यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे मॅनेजरची अर्धी पत सफाईदार इंग्रजीवर उभी असायची. मी लातूरकडच्या मराठी शाळेतून आलो. पहिली चार-पाच वर्षं क्लायंटला मेल पाठवण्याआधी तो कुणाला तरी दाखवून घ्यायचो. आमची टेस्टिंग लीडही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. काम तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण तिचे मेल दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या हाताखालून जायचे. आता मुद्दे ती मांडते, इंग्रजी टूल नीट करून देतं आणि क्लायंट थेट तिच्याशी बोलतो. केवळ इंग्रजी चांगलं म्हणून मधे बसलेल्या मॅनेजरची गरज त्यामुळे कमी झाली. हे चांगलं झालं, असं मी मनापासून म्हणतो.

महाग काय झालं, ते एका प्रसंगावरून सांगतो. मागच्या वर्षी आमचं डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेणं, चालू होतं. कॉलवर डेटाबेसवाल्या मुलाला विचारलं, रिकन्सिलिएशन स्क्रिप्ट (दोन्हीकडचा डेटा जुळतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम) कधी देणार? तो म्हणाला, "गुरुवारपर्यंत बघतो." टूलने मिनिट्स तयार केले आणि त्याच्या नावापुढे लिहिलं : स्क्रिप्ट गुरुवारी देणार. आमच्या नव्या पीएमने (प्रोजेक्ट मॅनेजरने) ते वाचले, भाषा चोख दिसली, पाठवून दिले. गुरुवार उलटला आणि शुक्रवारी सकाळी क्लायंटचं एस्कलेशन, म्हणजे वरिष्ठांकडे तक्रार, आलं. शब्द मोडणारा म्हणून तो मुलगा सगळ्यांसमोर आला, आणि शब्द तर त्याने दिलाच नव्हता.

"करतो" आणि "बघतो" यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. "बघतो" म्हणजे काहीतरी अडलंय आणि चारचौघांत ते सांगायची सोय नाही. मी त्याच्या डेस्कवर जाऊन बसलो. चहा घेताना कळलं की मास्क केलेला, म्हणजे ग्राहकांची ओळख झाकलेला, डेटा त्याला मिळालेलाच नव्हता. त्याची रिक्वेस्ट नऊ दिवस क्लायंटच्याच सिक्युरिटी टीमकडे पडून होती. हे ना ट्रॅकरमध्ये (कामांच्या यादीत) होतं, ना मिनिट्समध्ये, ना रिस्क लॉगमध्ये. जे कुठेच लिहिलेलं नाही ते टूलला कुठून दिसणार? एका फोनने ते काम सुटलं. तो फोन कुणाला करायचा हे ज्याला कळतं, त्याची किंमत वाढली आहे.

हा फक्त माझा अनुभव आहे असं समजू नका. २०२३मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. एआयला झेपणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी १२ टक्के जास्त कामं केली आणि २५ टक्के लवकर उरकली. पण एक काम मुद्दाम एआयच्या आवाक्याबाहेरचं दिलं होतं. तिथे एआय वापरणाऱ्यांची बरोबर उत्तरं, न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-अंकांनी कमी आली. म्हणजे हुशार, अनुभवी माणसंही सुबक मजकुरावर विसंबून चुकली. आपल्याला शिकायचं ते हेच : कुठे विसंबायचं आणि कुठे थांबायचं.

माझं रोजचं उदाहरण देतो. टूलकडून प्रकल्पाचा प्लॅन मागितला तर शंभर-सव्वाशे ओळींचा, देखणा प्लॅन येतो. त्यात गणपतीत निम्मी टीम कोकणात जाते हे नसतं. डिसेंबरात क्लायंटचं कोड फ्रीझ असतं, म्हणजे कोडमध्ये बदल करायला बंदी असते, हे नसतं. यूएटी (प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी करायची शेवटची चाचणी) करणारी माणसं महिनाअखेरीला हिशेबात बुडालेली असतात, हेही नसतं. या तीन गोष्टी आधी सांगितल्या की तोच प्लॅन बराच खरा होतो. प्रॉम्प्टच्या, म्हणजे टूलला सूचना लिहिण्याच्या, युक्त्या दोन दिवसांत येतात. काय सांगायचं, हे मात्र प्रकल्प कळल्याशिवाय येत नाही.

एक वापर मी सगळ्यांना सुचवतो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली 'प्रीमॉर्टेम' ही पद्धत : प्रकल्प सहा महिन्यांनी फसला आहे असं धरून चालायचं आणि का फसला याची कारणं लिहायची. टीममध्ये हे करताना माणसं संकोचतात, वरिष्ठ बसले असले तर जास्तच. टूल संकोचत नाही. आधी त्याच्याकडून वीस कारणं काढून भिंतीवर लावली की माणसं बोलू लागतात : "हे नाही होणार, पण ते दुसरं नक्की होईल." ते "दुसरं" ऐकण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

गोपनीयतेत हयगय नको. २०२३मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला, त्यानंतर कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली. क्लायंटचा डेटा फक्त कंपनीने मंजूर केलेल्या टूलमध्येच टाका, तोही करारात परवानगी आहे का ते पाहून.

आता बाजाराबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की २०३०पर्यंत ८० टक्के प्रोजेक्ट मॅनेजर जाणार. गार्टनर या संशोधन संस्थेने २०१९मध्ये जे म्हटलं ते प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या ८० टक्के कामांबद्दल होतं : माहिती गोळा करणं, ट्रॅक करणं, रिपोर्ट देणं. पण ज्यांची नोकरीच एवढ्या कामांची होती त्यांनी घाबरायला जागा आहे. आमच्याकडे निव्वळ ट्रॅकर सांभाळणारी पदं भरणं बंद झालंय. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या जागतिक संस्थेने आपल्या पीएमपी या प्रमाणपत्र परीक्षेचं जुलै २०२६साठी जे नवं स्वरूप जाहीर केलं, त्यात एआय आला आहेच, शिवाय व्यवसायाच्या समजेचा वाटा ८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर नेला आहे. मला त्यातला दुसरा बदल जास्त बोलका वाटतो. कोर्स करायचाच तर पीएमआयचा प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीचा प्राथमिक कोर्स मोफत आहे, तो करा. हजारो रुपये भरून दुसरा घेऊ नका.

पगाराचं स्पष्ट सांगतो. एआय वापरता येतं म्हणून मला वेगळी वाढ मिळाली नाही. मिळाला तो दुसरा प्रकल्प, कारण वेळ वाचत होता. वाचलेला वेळ असा परस्पर दुसऱ्या कामाने भरला जातो, आणि डेस्कवर जाऊन बसायला तो उरत नाही. मी मॅनेजरशी भांडून आठवड्याचे चार तास राखून घेतले. तुम्हीही आधीच बोलून ठेवा.

मी मुलाखती घेतो तेव्हा "कोणती टूल्स येतात?" असं आता विचारत नाही. टूलचं उत्तर तुम्ही शेवटचं कधी फेटाळलंत आणि का, हे विचारतो. बहुतेक जण इथे अडखळतात.

म्हणून या शनिवारी एवढं करा. तुमच्या संपलेल्या एखाद्या प्रकल्पाचं सुरुवातीचं वर्णन, नावं आणि क्लायंटची ओळख काढून, मंजूर टूलला द्या आणि काय-काय बिघडू शकेल ते विचारा. शेजारी खरोखर काय बिघडलं त्याची यादी ठेवा. जे त्याला सुचलं नाही पण तुम्हाला तेव्हा वेळेत कळलं होतं, ते प्रसंग वेगळे काढा, आणि पुढच्या मुलाखतीत कोर्सचं नाव सांगण्याआधी त्यातला एक सांगा.