वाचकांचे प्रश्न : उरलेल्या अन्नाचं ॲप करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर चोपड्याकडे. आम्ही तिघी मिळून प्रोजेक्टसाठी एक ॲप करतोय, घरात जे उरलंय किंवा खराब व्हायला आलंय ते नोंदवायचं आणि ॲप रेसिपी सुचवणार. कल्पना सगळ्यांना आवडते, पण गाइड म्हणतात आधी हजारो रेसिपी गोळा करा, मग फोटोवरून भाजी ओळखायचं मॉडेल लावा, मैत्रीण म्हणते सगळं एआयलाच विचारू. हातात फक्त हे सेमिस्टर आहे. आणि आई म्हणाली, मला कशाला ॲप पाहिजे, उरलेल्याचं काय करायचं ते मला माहितीये. आता काय करू?
— एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : आईचं बरोबरच आहे गं, आणि तुझं काम तिथूनच सुरू होतं. तिला ॲप नकोय कारण ते सगळं तिच्या डोक्यात आहे, पण पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराच्या डोक्यात नाहीये, जळगावात रूम करून राहणाऱ्या मुलींच्याही नाहीये. आई तुमची युजर नाही, रेसिपी तिच्याकडून घ्यायच्यात. वही घेऊन तिच्यासमोर बस, मग मावशी, आत्या, शेजारच्या काकू, आणि रेसिपी विचारूच नको, काल काय उरलं होतं आणि त्याचं काय केलं एवढंच विचार.

हजारो रेसिपी अजिबात नकोत. घरातल्या वस्तूंवर टिक केली की रेसिपी दाखवणाऱ्या सुपरकुकसारख्या साइट आधीच आहेत, त्यांच्याशी कशाला शर्यत लावायची? आपल्याकडे रोज उरतं काय? भात, वरण, पोळ्या, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजीचा रस्सा, आणि केळी. प्रत्येकाच्या चार-पाच चांगल्या रेसिपी जमल्या तरी खूप झालं. शेवभाजीचंच बघ, शेव रस्स्यात पडून राहिली की तिचा लगदा होतो आणि मग ती भाजी कोणी खात नाही, म्हणून रस्सा उरणार असं दिसलं की शेव वेगळी ठेवायची आणि दुसऱ्या वेळेला त्याच रस्स्यात उकडलेली अंडी नाहीतर बटाटे सोडायचे. वरण उरलं तर चकोल्या, किंवा सरळ त्यातच कणीक मळून पराठे. केळी काळी पडायला लागली की कुस्करून गुळासोबत कणकेत मळायची आणि घाऱ्या तळायच्या. केळीच्या जिल्ह्यातलं ॲप आणि त्यात केळ्याचं फक्त शिकरण, असं करू नका बाई.

आता प्रोग्रामिंगचं. पहिल्या स्क्रीनवर सर्च नको, काय उरलंय याची मोठी चित्रं ठेव, जेवून उठलेला माणूस सामानाची यादी टाइप करत बसत नाही. तेल, मीठ, तिखट, हळद, कांदा, लसूण, बेसन घरात आहेच असं धरून चाल. रेसिपीचा क्रम लावताना जी उरलेलं जास्तीत जास्त संपवते ती वर, आणि जिच्यासाठी दुकानात जावं लागतं ती खाली, कारण उरलेलं वाटीभर वरण संपवायला पाव किलो पनीर आणायला लावलं तर वाया जाणारं उलट वाढतंच. एवढ्याला साधा स्कोअर पुरतो, मॉडेल लागत नाही. डेटा फोनमध्येच ठेव म्हणजे गावाकडे रेंज नसली तरी चालेल. फोटोवरून ओळखणं सध्या सोडून दे, डब्यातलं वरण आणि कढी फोटोत सारखीच पिवळी दिसते आणि तुमचं अख्खं सेमिस्टर त्यातच जाईल.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. रेसिपी दाखवायच्या आधी ॲपने विचारलंच पाहिजे, कधी शिजवलं आणि कुठे ठेवलं होतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणजे दुपारचा भात ओट्यावर तसाच राहिला तर रात्री त्याचा फोडणीचा भात सुचवणं सरळसरळ धोक्याचं आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष परत गरम करूनही जात नाही, शिवाय वास-चव बिघडलेली असेलच असं नाही. कोरड्या भाकरीचं, पोळीचं वेगळं, पण भात, वरण, रस्सा यांना हा नियम कोडमध्येच पक्का बसवा, वेळ उलटून गेली असेल तर रेसिपी नाही, स्पष्ट लिहा की हे खाऊ नका. हे एआयवर सोडायचं नाही, ते दरवेळी आत्मविश्वासाने काहीतरी सांगतंच. एआय वापरायचंच असेल तर तुमच्याच रेसिपीचं प्रमाण दोन माणसांवरून पाचवर न्यायला वापरा, तेही तपासून.

प्रेझेंटेशनमध्ये तुम्ही संयुक्त राष्ट्रांचे आकडे घालणारच. पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरातलं, आणि भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. पण यात सालं, देठ, हाडं असं न खाण्यासारखंही मोजलेलं असतं, त्यामुळे आमचं ॲप ५५ किलो वाचवेल असं कुठेही लिहू नका, परीक्षकाने विचारलं तर उत्तर देता येणार नाही. त्यापेक्षा रेसिपीखाली 'केलं' असं बटण द्या आणि ते किती वेळा दाबलं गेलं ते दाखवा, डाउनलोडच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी खरं आहे.

प्ले स्टोअरची घाई करू नका. तिथे एकदाच भरायची २५ डॉलर फी आहे, वर नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. सध्या वेब ॲपच करा, लिंक उघडली की झालं. मेसला कंटाळून रूमवर स्वयंपाक करणाऱ्या मुलींना ती आधी पाठवा, आणि कोणती रेसिपी बघूनही कोणी केली नाही ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या.