वाचक विचारतात: ‘क्रेडो’ कसा लिहावा?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट (वेगवेगळ्या श्रद्धांच्या लोकांना सामावून घेणारा उदारमतवादी पंथ) मंडळीत जातो. चौदा वर्षांच्या मुलीला ‘कमिंग ऑफ एज’ (किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या श्रद्धांचा विचार करायचा) वर्गाच्या शेवटी रविवारच्या उपासनेत स्वतःचा ‘क्रेडो’ वाचायचा आहे. घरी गणपती बसतो. तिचा मात्र देवावर विश्वास नाही. आम्ही काय लिहून द्यावं?

उत्तर: काहीच नाही. ‘क्रेडो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी मानतो’. दुसऱ्याने लिहिलेलं मानणं लगेच ओळखू येतं. १९६१ साली युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट एकत्र आले, तेव्हापासून या पंथात सर्वांना बंधनकारक असा धर्मसिद्धान्त नाही. त्यामुळे ‘देव नाही’ म्हणणं हा तिथे गुन्हा नव्हे.

कागदावर तीन रकाने करू द्या: ‘मानते’, ‘मानत नाही’, ‘अजून ठरलेलं नाही’. तिसरा रकाना बहुधा सर्वांत जास्त भरतो आणि मजकूरही तिथेच सापडतो. त्यातले दोन-तीनच मुद्दे घ्यावेत. प्रत्येकाला एक प्रसंग हवा. ‘मी माणुसकी मानते’ हे कोणीही म्हणेल. आजीच्या आजारपणात देवघरात दिवा लावताना आपण नेमकं काय करत होतो, हे तिलाच सांगता येईल.

चार मिनिटांसाठी इंग्रजीत साधारण ५०० शब्द पुरतात. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचावं. अडखळणारं वाक्य बदलावं. आरती, प्रसाद हे शब्द तसेच ठेवावेत, अर्थ त्याच वाक्यात अर्ध्या ओळीत सांगावा.

हमखास बिघडतं ते ‘मानत नाही’ची यादी लांबली की. सभागृहात ख्रिस्ती, बौद्ध, नास्तिक सगळेच बसलेले असतात. ‘मूर्तिपूजा मूर्खपणा आहे’ म्हटलं की स्वतःचं मत बाजूला राहतं आणि दुसऱ्याच्या श्रद्धेवर निकाल दिला जातो. ‘मूर्तीपुढे मला काही जाणवत नाही’ हे तितकंच खरं आहे आणि कुणाला टोचत नाही. घरातलं भांडण किंवा कुणाचं आजारपण सांगायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारावं. तुम्ही मजकूर दुरुस्त करू नका, फक्त ‘म्हणजे काय?’ एवढंच विचारत राहा. (आई-बाबांना हे सर्वांत जड जातं.) खाली तारीख मात्र घालायला सांगा, कारण विसाव्या वर्षी ती वेगळं लिहील.

प्रश्न: आपल्या प्रार्थना समाजातही असंच आहे का?

उत्तर: नातं आहे, पण सारखेपणा अर्धाच. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या समाजानेही कोणताही ग्रंथ अचूक मानला नाही. पुढे समाजाचे प्रचारक झालेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियन परंपरेच्या मँचेस्टर कॉलेजात, ऑक्सफर्डला शिकले. मात्र निराकार एकेश्वर हा समाजाचा पाया आहे, त्यामुळे तुमच्या मुलीच्या ‘मानत नाही’ रकान्यातला पहिलाच मुद्दा तिथे अडेल.